पाहुणे येणार म्हणून हलवलेल्या गाई

संपादकांनी फोनवर विषय सांगितला, "आजची तरुण पिढी आईबापांपेक्षा सुखी आहे का? तुमच्या नोकरीतल्या अनुभवावरून लिहा." मी हो म्हणून बसलो आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सकाळी वाटतं, आहेच की सुखी, हे काय विचारणं झालं? दुपारी वाटतं, छे. संध्याकाळी बायको म्हणते, "जमत नाही म्हणून कळवा आणि जेवायला बसा." पण शब्द दिलाय. शिवाय खरं सांगायचं तर हा प्रश्न मला संपादकांच्या आधीपासून छळतो आहे. गेल्या वैशाखात अमोलच्या गाई हलवल्या, त्या दिवसापासून. तेव्हा तेवढंच सांगतो, उत्तर ज्याचं त्यानं काढावं.

मी गुरांचा डॉक्टर. म्हणजे लोक तसं म्हणतात. सरकारी भाषेत पशुधन पर्यवेक्षक. पदवीवाले डॉक्टर वेगळे, ते साहेब. आम्ही मोटारसायकलला पेटी बांधून वस्त्या-वस्त्यांवर फिरणारे. काम काय, तर माजावर आलेली गाय भरवायची, गाभण राहिली का तपासायचं, अडलेली सोडवायची, व्याल्यावर जार पडत नसली तर काढायची. थोडक्यात, अर्धं आयुष्य खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात घालून गेलं. माणसांच्या डॉक्टरला पेशंट सांगतो कुठे दुखतंय. आमचा पेशंट लाथ घालतो आणि त्याचा मालक खोटं बोलतो. एकदा एक गाय पोट फुगून आडवी पडलेली. "काय खाल्लं हिनं?" "काय न्हाई डॉक्टर, नेहमीचंच." मी आजूबाजूला पाहिलं, तर दारात मांडव अजून उतरवायचा होता. लग्नातला उरलेला भात आणि बुंदी अख्खं पातेलंभर तिच्यापुढे ओतली होती. वाया कशाला घालवायची म्हणून. गाय वाचली, पण मालकीणबाई माझ्यावरच रुसल्या, कारण मी चारचौघांत 'बुंदी' हा शब्द उच्चारला.

काही वर्षं पाथर्डीकडे होतो. तिथं दसरा-दिवाळी झाली की घरंच्या घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघायची. मागं म्हातारी माणसं आणि एखादी शेळी. मग बदली झाली ती राहुरीकडे, देवळाली प्रवरेच्या बाजूला. इथं ऊस, पाणी, दूध. तिकडे लोकांना कुलूप लावावं लागतं याचं वाईट वाटायचं. इकडे आल्यावर हळूहळू ध्यानात आलं की इथल्या माणसाला कुलूप लावताच येत नाही. पण ते ध्यानात यायला मला फार उशीर लागला.

आता अमोलचे वडील, ज्ञानदेव. सगळे तात्या म्हणतात. माझ्याच वयाचा माणूस. मी तिथं नवा होतो तेव्हा तात्याकडे दोन गावरान गाई होत्या. दूध म्हणाल तर चहापुरतं आणि पोरांपुरतं. तात्याला कुस्त्यांचा नाद. यात्रा आली की गडी गायब. मी गाय बघायला जावं, तर घरी फक्त हिरावहिनी.

"वहिनी, तात्या कुठंय?"

"गेलं आसत्याल कुटंबी. दोन दिस झाले. तुमी बघा गाय, मी धरते."

दोन-दोन दिवस घर सोडून जायचा आणि काही बिघडायचं नाही. गाईला वासरू प्यायचं, राहिलेलं वहिनी काढायच्या, नाही काढलं तरी गाय तक्रार करत नसे. गाई तशाच, घर कुडाचं, पावसात चुलीपाशी गळायचं. मी मात्र तात्याच्या मागे लागलो. "अरे, संकरित कर. होलस्टिनचं भरवू." शेवटी तो तयार झाला. त्या गोठ्यातली पहिली काळी-पांढरी कालवड माझ्या हातची. तिच्या पोटी दुसरी, तिसरी. अमोल मोठा झाला, शेतीची पदविका घेऊन आला आणि त्यानं गोठा असा काही वाढवला, की बघत राहावं. धारेचं मशीन, कुट्टीचं मशीन, गाईंना पंखे. फरशीचं घर झालं, दारात चारचाकी आली. मी लोकांना मुद्दाम तो गोठा दाखवायला न्यायचो. अभिमान होता, खोटं कशाला बोलू. आजही आहे.

फक्त एक झालं. अमोलचं लग्न जमेना.

तिशी ओलांडली. स्थळं येत, विचारत, "गोठा आहे का?" हो म्हटलं की पुढचा फोन बंद. "आमची मुलगी शेणात हात घालणार नाही." तात्याला हे कोडं सुटायचंच नाही. तो मला म्हणायचा, "डॉक्टर, माज्या टायमाला पोरीकडची मान्सं यायची तवा बापानं शेजाऱ्याची बैलजोडी आन् म्हस आनून आमच्या गोठ्यात बांधली हुती. गोठा भरलेला दिसावा म्हनून. आन् आता भरलाय तर तोच नडतोय!"

वहिनी आतून म्हणायच्या, "ती म्हस दिसभर वराडत हुती मालकाच्या नावानं. आमच्या दादांनी तवाच वळकलं. घरी येऊन म्हनले, म्हस पाहुनी हाय, पन पोरगं बरं हाय."

तर असे नकार येता येता एक स्थळ आलं नेवाश्याकडचं. मुलगी स्नेहल, नगरला एका दवाखान्यात लॅबमध्ये कामाला. गुरुवारी तिची सुट्टी, म्हणून पाहुणे गुरुवारी येणार, आणि हल्लीच्या रीतीप्रमाणे घर बघायला मुलगी स्वतः येणार. मध्यस्थानं परस्पर सांगून टाकलं होतं, की गोठा आता बंद केलाय. ते निभावायचं कसं? तर एक दिवस गाई शेजारच्या भाऊसाहेबाच्या वस्तीवर हलवायच्या. भाऊसाहेब तयारच होता, शेजारधर्म. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मला बोलावणं आलं, "डॉक्टर, तुमी येऊन बसा. चार बरी मान्सं दिसत्यात." मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. बघतो तर गोठा लख्ख धुतलेला, त्यात चारचाकी उभी, गव्हाणीवर सतरंजी. अमोल नव्या शर्टात आणि चेहरा असा, की त्यालाच कुणी बाजारात उभा केलाय. मला खरं तर हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. जो गोठा मी एवढा मिरवला तो रिकामा बघून मला कसंतरीच झालं.

पाहुणे आले. स्नेहलचे वडील कमी बोलणारे. उतरल्या उतरल्या त्यांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि नाकाला रुमाल न लावता आत येऊन बसले. मुलगी सरळ, चष्मा लावलेली, बघायची ते थेट बघायची. पाणी झालं, पोहे झाले. आणि मग हिरावहिनींनी ताटल्यांमधून खरवस आणला.

मी डोळे मिटून घेतले. गोठा बंद केलेल्या घरात ताजा खरवस! आदल्या दिवशी एक गाय व्यायली होती, चौथं वेत. चीक वाया कसा घालवायचा, आणि पाहुण्यांपुढे खरवस नाही ठेवायचा तर काय ठेवायचं, एवढाच विचार त्या माउलीनं केला होता. तात्याचं तोंड बघण्यासारखं झालं. स्नेहलच्या वडिलांनी एक वडी खाल्ली, दुसरी घेतली आणि म्हणाले, "लई ताजा हाय." बास, तेवढंच.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मोटारसायकलवर ऐकू यावं म्हणून माझ्या फोनचा आवाज मोठा असतो. भाऊसाहेब ओरडला तो अख्ख्या बैठकीनं ऐकला.

"डॉक्टर, लवकर या! अमोलची व्यालेली गाय बसली. मान टाकलीया. उठंना!"

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगतो. जास्त दुधाची गाय व्यायली की तिच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम दुधात उतरतं. म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडतो, की पहिले एक-दोन दिवस सगळं दूध काढू नका, थोडं कासेत राहू द्या. अमोलला हे माझ्याइतकंच ठाऊक. पण त्या दिवशी पहाटे, भरल्या कासेनं गाय हंबरू नये, पाहुण्यांना आवाज जाऊ नये, म्हणून त्यानं तिला पार निपटून काढलं होतं. खरवसही त्यातलाच. अशी गाय आधी अडखळते, मग बसते, मान कुशीवर टाकते, कान थंड पडतात. वेळेवर कॅल्शियम शिरेतून गेलं तर उठते. नाही गेलं तर संपलं.

मी उठलो. अमोल जागेवरून हलला नाही. त्याच्याकडे बघवत नव्हतं. इकडे मुलगी बसलेली, तिकडे गाय पडलेली, आणि मध्ये हा, गुडघ्यावर हात ठेवून. तात्या डोळ्यांनी खुणावत होता, बस, बस, डॉक्टर बघतील. पण अडचण अशी, की पाहुणा म्हणून आलो तर पेटी घरीच ठेवलेली, कॅल्शियमची बाटली माझ्याकडे नव्हती. ती अमोलकडे होती. आणि कुठे, तर बैठकीतल्याच काचेच्या कपाटात, चहाच्या नव्या सेटच्या मागे.

तो उठला. सगळ्यांसमोर कपाट उघडलं, कपबशा बाजूला सारल्या, बाटली, नळी, सुई काढली. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "गाई हायेत आमच्या. सगळ्या हायेत. माफ करा." आणि धावत सुटला. वहिनींनी दुसऱ्या चहासाठी ठेवलेलं आधण बादलीत ओतून दिलं, कारण बाटली कोमट करून लावावी लागते.

भाऊसाहेबाच्या अंगणात गाय लिंबाखाली पडली होती. डोळे निस्तेज, नाक कोरडं. मानेच्या शिरेत सुई घातली. अमोलनं बाटली वर धरली. हे काम घाईचं असतं आणि घाई करून चालत नाही. भरकन सोडलं तर काळीज बंद पडतं. मी छातीला कान लावून ठोके ऐकत होतो आणि अमोलला सांगत होतो, खाली घे, अजून खाली, आता थोडी वर. त्याच्या नव्या शर्टाची वाट लागली होती. बऱ्याच वेळानं गाईच्या अंगावर शहारा आला. मग ढेकर. मग नाकावर घामाचे बारीक थेंब. ते थेंब दिसले की माझ्या जिवात जीव येतो, इतकी वर्षं झाली तरी. तिनं शेण टाकलं, पुढचे पाय रोवले आणि उठली. अमोलनं तिच्या मानेला मिठी मारली आणि रडायला लागला. मीही दुसरीकडे तोंड केलं.

वळलो तर स्नेहल आणि तिचे वडील मागे उभे.

तात्या हात जोडायला पुढे झाला. वडील म्हणाले, "आवो, असू द्या. आमी उतरल्या उतरल्याच वळकलं हुतं. माशा काय लपवता येत्यात का? आमचाबी गोठाच हाय." मग मुलीकडे बघून म्हणाले, "इचार तुला काय इचारायचं ते."

मला वाटलं, आता ही खोटं बोलल्याचं काढणार, किंवा शेणाचं. तिनं अमोलला विचारलं, "तुम्ही घराबाहेर मुक्कामाला शेवटचं कधी गेला होतात?"

अमोल आठवायला लागला. आम्हीही सगळे त्याच्या वतीनं आठवायला लागलो. बहिणीच्या लग्नात? नाही, त्या दिवशी संध्याकाळच्या धारेला तो हजर होता, मीच बघितला होता, अंगावर आहेराचा टॉवेल टाकून. मित्राच्या लग्नाला नाशिकला? जेवून परत. 

"शेणाचं मला काही नाही," ती म्हणाली. "आईबरोबर मी पण काढलंय. पण माझं बक्षीस होतं कॉलेजात तेव्हा आई-वडील दोघं मिळून आले नाहीत. आजी गेली तेव्हा आई पहिली धार काढून मग माहेरी गेली. काका, तुम्ही सांगा, ह्या गाई एक वेळ चुकवली तर चालतं का?"

प्रश्न मला होता. नाही चालत. कास सुजते, दूध घटतं, गाय कामातून जाते. हे मीच तर घरोघर शिकवत आलो. सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी, सण नाही, सुतक नाही. मी म्हणालो, "नाही चालत, बाळ."

"मग एवढं करा," ती अमोलला म्हणाली, "दोन दिवस कुठेतरी राहून या. गाईंची चौकशी करायची नाही. जमतंय का बघा. मग आपण बोलू." आणि ती नमस्कार करून निघाली.

त्या दिवसापासून मला चैन नाही. माझा स्वतःचा मुलगा पुण्यात असतो, गेल्या दिवाळीला आला आणि फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप मांडून बसला. मी त्याला म्हटलं, तुझी धार याच्यावर दिसते. तो हसलाही नाही. बापापेक्षा चौपट सुखात आहेत ही पोरं, डोळ्यांनी दिसतं. मग ह्यांच्याकडे दोन दिवस मागितले की ह्यांचा चेहरा असा का होतो? तात्याच्या कुडाच्या घराचे गोडवे गाणारा मी नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. त्या घरात थंडीनं एक लेकरू दगावलं होतं, वहिनी अजून त्याचं नाव काढत नाहीत. तेव्हा जुनं ते सोनं म्हणणाऱ्याचा मला रागच येतो. आणि तरी.

जावं की न जावं, यात अमोलनं बरेच दिवस काढले. मग एके दिवशी माझ्याकडे आला. "डॉक्टर, बहिणीकडं जाऊन येतो, पुणतांब्याला. तात्याच्यानं एकट्यानं व्हायचं न्हाई. तुमी थांबाल का?" मी थांबलो.

गाईच्या पोटातलं मला सगळं कळतं, पण धारेचं मशीन सडांना लावताना मी असा काही गोंधळलो, की तात्या पोट धरून हसला. एका गाईनं तर परका हात ओळखून दूधच चोरून ठेवलं. आम्ही दोघे म्हातारे घामाघूम. पहिल्या दिवशी अमोलचे सारखे फोन. वैरण टाकली का, पंखे लावले का, ती व्यालेली कशी आहे. तात्या वैतागून म्हणाला, "उचलू नका तुमी. पोरीनं काय सांगितलंय!" दुसऱ्या दिवशी फोन आलाच नाही. झालं, आता तात्याचं चित्त थाऱ्यावर नाही. "का केला नसंल? बरं हाय ना पोरगं?" दर घटकेला माझा फोन मागून बघायचा. वहिनी कॅन धूत होत्या.

अमोल आला. दाढी केलेली, डोळ्यांखालचं काळं कमी झालेलं. एवढ्या वर्षांत मला त्याचा असा चेहरा माहीत नव्हता.

"काय केलं रं तितं?" तात्यानं विचारलं.

"झोपलो."

"आन् नदीवर गेला न्हाईस? देवळात?"

"पोरं वढत हुती नदीला. मी नुसता झोपलो, तात्या. जेवायला उठवलं की जेवायचो आन् परत झोपायचो." मग त्यानं गोठ्याकडे पाहिलं. एका गाईनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो तिच्याजवळ गेला, पाठीवरून हात फिरवला आणि तसाच पाठमोरा म्हणाला, "डॉक्टर, निम्म्या गाई काढायच्या. कोनत्या ठेवायच्या ते तुमी सांगा. आन् धारेला एक मानूस ठेवायचा."

तात्या खाटेवरून उठला. "आन् पोरीनं मग न्हाई म्हटलं तर?"

"न्हाई म्हटली तरी काढायच्या."

 तात्या माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मी आता औषध सांगणार होतो.  वाढवा, वाढवा म्हणून ह्या घरात सांगणारा मीच.

हौदापाशी वहिनींनी शेवटचा कॅन पालथा घातला. पदराला हात पुसत त्या आमच्याजवळ आल्या. पोराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुला दोन दिसांत झोप पुरली का रं?" त्या म्हणाल्या. "मला चार लागत्याल. लेकीचं लग्न झाल्यापून म्या तिच्या घरी येक रात काढलेली न्हाई."

अमोल म्हणाला, "जाशील की आई, गाई काढल्यावर..."

"गाई काढल्यावर न्हाई," वहिनी म्हणाल्या. "आज." आणि पिशवी भरायला आत गेल्या.